मागे बघणारा डोळा

मिस्त्री तोंडाचे फटकळ होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लाकडावर कानस फिरवता फिरवता ती त्यांच्या जिभेलाही लागली असावी, असं त्यांची बायकोच म्हणायची. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, डॉक्टर असो, मनात आलेलं ओठावर आणायला मिस्त्री वेळ लावायचे नाहीत. पण हात! त्या हातांपायी लोक सगळं मुकाट ऐकून घ्यायचे. मिस्त्री लाकडाचे मासे करायचे. कपाटात ठेवायचे शोभेचे नव्हेत, तळ्यात टाकून मोठ्या माशाला फसवायचे.

गावाबाहेर मोठं थोरलं तळं होतं आणि तळ्यात दातऱ्या होता. दातऱ्या म्हणजे कुणी एक मासा नव्हे, ती जात. माणसाच्या पायाएवढा लांब, अंगाने सडपातळ, थोबाड बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि तोंडात दातच दात. पाणवनस्पतीत दबा धरून बसतो, तास तास हलत नाही, आणि समोरून लहान मासा गेला की एका झेपेत गिळतो. गांडुळाबिंडुळाला तो विचारत नाही. त्याला जिवंत, पळता मासा लागतो. त्यामुळे मिस्त्रींचा मासा नुसता खरा दिसून भागायचं नाही, तो पळावाही लागायचा. दीड वीत हलकं लाकूड, मधोमध कापून पितळी कड्यांनी पुन्हा जोडलेलं, म्हणजे शेपूट हलते. पोटात शिसं ओतलेलं, म्हणजे उताणा पडत नाही. हनुवटीखाली पत्र्याची जीभ, म्हणजे ओढला की बुडी मारतो. पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. अंगणात पत्र्याची लांबलचक टाकी होती. तिच्यात पोहून दाखवल्याशिवाय एकही मासा घराबाहेर पडायचा नाही. जरा कलला की मिस्त्री त्याला चार शिव्या हासडून पुन्हा कापायला घ्यायचे.

रंगाचं काम बायकोचं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल, आणि दार लोटलेलं. ओल्या रंगाला भुशाचं वावडं असतं आणि मिस्त्रींच्या भुवयांवरसुद्धा भुसा असायचा. "तिथूनच बोला," ती आतून ओरडायची, "भुशाचं पोतं आत यायचं नाही!" त्यामुळे तीस वर्षांच्या संसारात मिस्त्रींनी तिला रंगवताना असं कधी पाहिलंच नाही. पाठीवरचा हिरवा, पोटाचा पांढरा, जाळीचं कापड लावून फवारलेले खवले, हे कुणालाही शिकता येईल. डोळा तिचा होता. तो सगळ्यात शेवटी. आधी खिळ्याच्या डोक्याने पिवळा ठिपका, तो वाळला की बारीक खिळ्याने त्यावर काळा. बस, एवढंच. दातऱ्या डोक्याकडून झडप घालतो, डोळ्यावर नेम धरून, हे तळ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तिच्या डोळ्यावर तो जसा तुटून पडायचा, तसा दुसऱ्या कुणाच्या नाही.

"काय करतेस गं त्या डोळ्यात?" मिस्त्री विचारायचे.

"काही नाही. तुमच्या घरात दिवस काढल्यावर जसा होतो, तसा काढते," ती म्हणायची, आणि दाराअलीकडे-पलीकडे दोघंही हसायची.

चार वर्षांपूर्वी ती गेली. दुपारची वेळ, त्याच टेबलाशी, हातात खिळा. छातीत कळ आली आणि खेळ खलास. पन्नाशी उलटून थोडीच वर्षं झाली होती, जायचं वय नव्हे.

लेक शहरात केकच्या दुकानात कामाला होती. केकवर साखरेची फुलं, नावं, वेलबुट्ट्या काढायची, हात असा स्थिर की मालक तिला सुट्टी द्यायला कुरकुरायचा. आईला पोहोचवायला आली ती परत गेलीच नाही. बापाला भाकरी कोण देणार म्हणून राहिली, असं ती लोकांना सांगायची. खरं कारण ते टेबल होतं. आईच्या टेबलावर दुसरं कुणी बसलेलं तिला सहन झालं नसतं.

पहिलं वर्ष म्हणजे नुसता छळ. लेकीने एक डोळा काढला की मिस्त्री दारात उभे. भुसा झटकून, हात पुसून मासा उचलायचे, उजेडात धरायचे आणि निकाल द्यायचे. "हात चांगला आहे गं, पण डोळा मेलेला आहे. मंडईत बर्फावर ठेवलेला मासा दिसतो हा." दुसऱ्या बाजूचा डोळा काढूच द्यायचे नाहीत. तो मासा वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि खणात टाकायचा. टेबलाच्या खणांत अशी एकडोळ्या माशांची फौज जमली होती. पुढे कामं अडून राहायला लागली तेव्हा त्यांनी रद्द करणं सोडलं, पण बोलणं सोडलं नाही. प्रत्येक मासा बघून तेच, "आईची सर नाही."

आणि वाईट हे की ते खोटं नव्हतं. गिऱ्हाइकं संकोचून सांगायची, मासा झकास पोहतो, दातऱ्या मागे येतो, जवळ येऊन बघतो आणि तोंड फिरवून निघून जातो. लेक ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि रात्री भांडी घासताना रडायची. बत्तीस वर्षांची बाई, पण तिला हवं होतं ते एवढंसं. अप्पांनी एकदा, एकदाच, मासा उजेडात धरावा आणि म्हणावं, "जमला." पुढे जन्मभर शिव्या दिल्या तरी चालल्या असत्या.

त्या वर्षी तळ्यावरच्या स्पर्धेसाठी होडीवाल्याने सहा मोठे मासे सांगितले. होडीवाला म्हणजे हौशी मंडळींना होडीतून फिरवून दातऱ्या दाखवणारा, बोलघेवडा, मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक. शनिवारी सकाळी न्यायला येणार, रविवारी स्पर्धा. पाच मासे झाले, सहावाही झाला, आणि गुरुवारी मिस्त्री लाकूड बघायला दुसऱ्या गावी गेले. शुक्रवारी दुपारी लेकीने सहावा टाकीत सोडला, दोनदा ओढला, आणि सांध्यापाशी त्याचे उभे दोन तुकडे झाले. लाकडात आतून चीर होती.

लेकीने कपाळाला हात लावला. नवा मासा कापणं तिच्या हातचं नव्हतं. होडीवाल्याला पाचच दिले तर अप्पांचं नाव जाणार, आणि आल्यावर अप्पा तिला नावं ठेवणार. तेवढ्यात तिला खणांमधली फौज आठवली. रद्द झालेले असले तरी लाकूड अप्पांच्याच हातचं, पोहायला सगळे पक्के. तिने खण उपसायला सुरुवात केली. बहुतेक लहान निघाले. मग अगदी खालच्या खणात, पॉलिशपेपरच्या गठ्ठ्याखाली, एक मोठं पुडकं लागलं. वर्तमानपत्र सोडलं तर हवा तसा दीड वीत मासा. हिरवी पाठ, खवले, डाव्या बाजूला डोळा, उजवी बाजू कोरी.

"हा मी कधी केला होता?" ती स्वतःशीच म्हणाली. आठवेना. पहिल्या वर्षात असे कितीतरी केले, कितींची आठवण ठेवणार? पण डोळा बघून मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगला होता की हा! काय धाड भरली होती याला? तेव्हाच जमलं होतं, आणि अप्पांनी कागदात गुंडाळून खाली दडपून ठेवलं, वर चार वर्षं ऐकवत राहिले. काय माणूस म्हणायचा!

रागाच्या भरात तिने रंगाचे खिळे बाहेर काढले. पण हातात मासा घेतल्यावर राग ओसरला, कारण तो डोळा पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता. काळा ठिपका पिवळ्याच्या मधोमध नव्हता. केसभर मागे सरकलेला होता, शेपटीकडे, आणि किंचित खाली. तिने मासा आडवा धरला, उभा धरला, खिडकीशी नेला. मग तिला कळलं. पळणारा मासा पुढे कशाला बघेल? त्याचा सगळा जीव मागे लागलेला असतो. हा मासा मागे बघत होता. तिने आजवर प्रत्येक डोळा नेमका मधोमध काढला होता, केकवर काढावा तसा, आखीव. म्हणून तो मेलेला दिसायचा. तेव्हा एकदा आपला हात चुकून घसरला असणार, असं तिला वाटलं, आणि आपलं आपल्यालाच हसू आलं.

उजवा डोळा काढायला तिने सबंध दुपार घालवली. जुना पिवळा जरा मळकट झाला होता, तर नव्या पिवळ्यात तपकिरीचे दोन थेंब घालून तोच मळकटपणा आणला. साखरेचे रंग जुळवण्यात जन्म गेला होता तिचा. खिळा टेकवला, श्वास धरला, ठिपका केसभर मागे. मग दोन्ही बाजूंना वार्निशचा हात. मासा समोर धरून ती आलटून पालटून दोन्ही डोळे बघत राहिली. कुठला जुना, कुठला नवा, आपण नाही सांगू शकत, असं तिने मनाशी कबूल केलं. अप्पा आले की त्यांच्यासमोर असाच एक काढायचा. आता बघू काय म्हणतात ते!

शनिवारी सकाळी होडीवाला सहाही मासे घेऊन गेला. दुपारी दारात लाकडाचा टेम्पो थांबला. मिस्त्री उतरले ते ड्रायव्हरशी भांडतच, त्याने खड्डे मोजून मोजून गाठले होते म्हणून. लेकीने पाणी दिलं. ती आज खुशीत होती. सहावा मासा फुटला, पण तिने वेळ निभावली, असं सांगता सांगता ती टेबलाशी गेली. मिस्त्री पाण्याचं भांडं घेऊन दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. टेबलावर रंगांच्या डब्यांखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं.

"हा कागद कुठला?"

"खालच्या खणातला. त्यात एक मोठा मासा होता, एकडोळ्या. पहिल्या वर्षीचा असेल माझा. त्याचाच दुसरा डोळा..."

"कुठे आहे तो?"

"गेला ना, अप्पा. होडीवाल्याने नेला. सहावा म्हणून तोच दिला मी."

मिस्त्री ओरडले नाहीत. तिथेच तिची पाचावर धारण बसली. बाप ओरडला की घरात सगळं ठीक आहे असं समजायची तिची सवय. ते खुर्चीत बसले, भुशाचे कपडे घालून, आईच्या टेबलाशी, आणि त्यांनी डबे बाजूला सारून कागदाची सुरकुती हाताने सरळ केली. कोपऱ्यात तारीख होती. आई गेली त्या दिवसाची.

"तो तिचा होता," मिस्त्री म्हणाले. "एक डोळा झाला होता. दुसरा राहिला."

 लेकीच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. चांगला होता तो डोळा, म्हणून आपला वाटला. आपला वाटला म्हणून हात लावला. आईचं शेवटचं काम, अर्ध्यावर थांबलेलं, तसंच ठेवलेलं, आणि आपण ते पुरं करून, गळ अडकवून तळ्यात फेकायला दिलं. "मला माहीत नव्हतं हो, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं नाहीत कधी."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?" ते उठले. "चल. टेम्पो आहे अजून."

ड्रायव्हर मघाचं भांडण विसरलेला नव्हता, पण मिस्त्रींचं तोंड बघून त्याने मुकाट गाडी वळवली. तळ्यावर पोहोचले तर होडीवाला पाहुण्यांना घेऊन पाण्यावर गेलेला. उद्याच्या स्पर्धेआधी सगळे हात साफ करून घेत होते. लांबवर सातआठ होड्या दिसत होत्या, त्यातली त्याची कुठली ते कळायला मार्ग नव्हता. धक्क्यावरच्या बाकावर दोघं बसली.

दर वेळी एखादी गळाची काठी मागे जाऊन पुढे झुकली की लेक बाकावरून अर्धी उठायची. कुठल्या दोरीला तो असेल? दातऱ्याने दोरी तोडली तर? तळाशी लाकूडफाटा होता, त्यात गळ अडकला तर लोक दोरी कापून मोकळे होतात. मिस्त्री पाण्याकडे बघत होते. मग तेच बोलायला लागले.

"मी त्या दिवशी बाहेर पत्रा कापत होतो. म्हटलं, चहा टाक गं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. तरी नाही. मग ओरडलो, बहिरी झालीस का?" ते पायाखालच्या फळीकडे बघायला लागले. "मग पत्रा पुरा केला. रागात होतो ना. पुरा करून मग आत गेलो."

"अप्पा..."

"हे शेवटचं बोललो मी तिच्याशी. आणि तिने ऐकलं की आधीच गेली होती, तेही माहीत नाही. चार वर्षं तेच डोक्यात. ऐकलं असेल तर बहिरी म्हणून हिणवलेलं ऐकून गेली. नसेल ऐकलं, तर मेलेल्या माणसाला ओरडलो." त्यांनी नाक पुसलं. "तो मासा टेबलावर होता. कागदात गुंडाळला आणि खाली घातला. कुठल्या बाजूचा डोळा झालाय, तेसुद्धा बघितलं नाही. पुन्हा सोडून बघायची छाती झाली नाही. पण आहे, एवढं माहीत होतं. घरात आहे."

लेकीने त्यांचा हात धरला. असं तिने लहानपणापासून केलं नव्हतं. त्यांनी तो सोडवला नाही. त्या हातावर जुन्या जखमांचे वळ होते. 

उन्हं कलली तेव्हा होडीवाल्याची होडी आली. तो लांबूनच हात हलवत होता.

"मिस्त्री! मिस्त्री, कमाल केलीत! चार वर्षांनी!" होडी धक्क्याला लागायच्या आतच तो उडी मारून वर आला. "अहो, हा असा मासा..." त्याने दोन्ही हात फाकवले. "पाहुण्यांनी टाकला, ओढला, थांबवला, ओढला, थांबवला, मी सांगत होतो तसं. बघतो तर दातऱ्या मागे. म्हटलं, झालं, आता नेहमीसारखा बघणार आणि नाक मुरडून जाणार. होडीपाशी आल्यावर मी म्हटलं, उचलू नका, काठीचं टोक पाण्यात बुडवा आणि मोठा वेढा काढा. पहिला वेढा गेला. दुसऱ्याला जे धरलं त्याने, होडी हलली हो! माप घेतलं आणि सोडून दिला, उद्या पुन्हा भेटेल. पण तुमचा मासा... तशी चूक आमची नाही, दोरीच्या टोकाला तार बांधलेली, म्हणून दोरी वाचली, पण माशाला दात लागले त्याचे."

"दाखव," मिस्त्री म्हणाले.

होडीवाल्याने डबा उघडला. तोच होता. पुढचा गळ वाकडा झालेला, अंगावर दातांच्या ओळी. डावी बाजू कल्ल्यापासून तोंडापर्यंत सोलून निघाली होती. रंग नव्हता, वार्निश नव्हतं. ओलं उघडं लाकूड आणि त्यावर तीन खोल ओरखडे. डाव्या बाजूला डोळा उरलाच नव्हता.

डावी.  डावी बाजू आईची. आईचा डोळा दातऱ्याने नेला होता.

मिस्त्रींनी मासा घेतला. सोललेली बाजू पाहून त्यांचा चेहरा पडला. मग हळूच, भीत भीत, त्यांनी तो उलटा केला. उजव्या बाजूचा डोळा शाबूत होता, एक ओरखडासुद्धा नव्हता. सदऱ्याच्या टोकाने त्यांनी तो पुसला आणि उजेडात धरला. किती वेळ धरून होते कुणास ठाऊक. 

"राहिला," ते म्हणाले. "हा तिचा."

लेकीने तोंड उघडलं.

"तुझा गेला, पोरी. वाईट वाटून घेऊ नकोस. तिचा राहिला, हे काय कमी आहे?"

"ओळखलात कसा?" होडीवाल्याने विचारलं.

"अरे, हजारांत ओळखेन! तीस वर्षं असले डोळे या हातांतून गेलेत." त्यांनी मासा लेकीपुढे केला, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बघ, इतकी वर्षं विचारत होतो, काय करतेस त्या डोळ्यात. आत्ता कळलं. मागे बघतोय गं तो. बघितलंस? कुणी मागून हाक मारली की बघतं ना माणूस, तसा." त्यांनी त्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे ऐकलं असेल तिने. हाक ऐकून वळली असेल, द्यायची असेल ओ, आणि तेवढ्यात... रागावून नाही गेली. रागावलेलं माणूस असं बघत नाही."

आणि मिस्त्री रडले. धक्क्यावर, होडीवाल्यासमोर, पाहुण्यांसमोर, लाज न धरता, मासा छातीशी धरून रडले. चार वर्षांत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आता सांगा, लेकीने काय करावं? तोंडाशी आलेलं होतं. अप्पा, हा माझा. काल दुपारी काढला मी, तपकिरीचे दोन थेंब घालून. जमला ना, अप्पा? चार वर्षं ज्या एका शब्दासाठी तिने ऐकून घेतलं, तो शब्द त्यांच्या हातात होता, नुसता घ्यायचा अवकाश. पण तो घेतला असता तर आईला त्यांच्या हातून दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं झालं असतं.

"जन्मात जमणार नाही तुला असा," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले. बोलले ते मायेनेच, त्यांची माया अशीच होती.

"नाही जमणार, अप्पा," लेक म्हणाली.

होडीवाला मासा परत द्यायला कुरकुरला, उद्या स्पर्धा होती, पण मिस्त्रींनी त्याला माशाला हातही लावू दिला नाही. "मग असेच डोळे घालून आणखी चार द्या," तो म्हणाला. "डोळ्यावरच आला हो तो."

"ते डोळे संपले," मिस्त्री म्हणाले. "जे होतील ते देऊ."

परतताना टेम्पोत ते दमून झोपले. लेकीने मांडीवरच्या माशाची सोललेली बाजू एकदा बोटाने चाचपली. तिथे आई होती, आणि ती गेली हे जगात एकट्या तिलाच माहीत होतं. आईसाठी पुन्हा रडायचं होतं तर तेही एकटीनेच, कुणाला कारण न सांगता. ती खिडकीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तो मासा आपल्या कामाच्या पाटाच्या वर, भिंतीला खिळा ठोकून टांगला. सोललेली बाजू भिंतीकडे, डोळा बाहेर. कानस घासता घासता मध्येच मान वर करून ते त्याच्याकडे बघायचे, आणि एकदा तर "चहा झाला का गं?" असं त्याला विचारताना लेकीने ऐकलं.

दोन आठवड्यांनी ती होडीवाल्याचे चार मासे घेऊन टेबलाशी बसली. पाठ, पोट, खवले. मग पिवळा. तो वाळल्यावर बारीक खिळा काळ्यात बुडवला आणि टेकवला. हात आपोआप केसभर मागे गेला, किंचित खाली. मासा तिच्याकडे मान वळवून बघायला लागला. इतका सोपा. आता तो हातात बसला होता, डोळे मिटूनही काढता आला असता.

बाहेर कानस थांबली. मिस्त्रींच्या वहाणांचा आवाज दाराकडे आला.

लेकीने चिंधी उचलली, तो डोळा पुसून टाकला, पिवळा पुन्हा लावला, फुंकर घालून वाळवला आणि काळा ठिपका नेमका मधोमध टेकवला.

मिस्त्रींनी मासा उचलला, खिडकीशी नेला, मान वाकडी करून पाहिला. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण आईची सर नाही."

"नाही, अप्पा."

"मंडईतला मासा!" ते म्हणाले, आणि खाली ठेवून परत कामाला गेले. आताशा ते शीळ घालायला लागले होते.

मिस्त्रींना बहात्तरावं चालू होतं. प्रकृती ठणठणीत, दात सगळे जागेवर, आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल असा. आणखी वीस वर्षं सहज काढतील. काढू देत, असं लेक अगदी मनापासून म्हणाली, आणि तिने दुसरा मासा पुढे ओढला.